मिठातली बाटली

मी पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं. रक्ताची काचेची बाटली बर्फात रुतली होती. हलवली तर आत खडखडलं. रक्त गोठून बर्फ झालं होतं.

सत्तरच्या दशकात मी भोरला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. शेजारच्या खोलीत उत्रोलीची हौसा होती. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन पांढरीफटक पडलेली. नवऱ्याचं रक्त जुळलं नव्हतं. मी धाकट्या दिराकडे, तुकारामकडे वळलो, तर सुई पाहूनच तो "म्या पुन्याहून बाटली आनतो" म्हणत हौसाच्या रक्ताचा नमुना घेऊन एसटीला पळाला. आता तोच बाटली घेऊन परतला होता.

"बर्फात काय घातलंस?"

"मीठ. कामथडीला कुल्फीवाला भेटला. म्हनला, मिठानं गारवा टिकतो. रगत नासू नये म्हनून लई टाकलं."

मिठामुळे बर्फ आणखी गार होतो, कुल्फी त्यावरच जमते. रक्त मात्र नुसतं गार हवं. गोठलं की त्यातल्या लाल पेशी फुटतात.

"चुलीपाशी ठिवू. वितळंल की."

"वितळेल. लालही दिसेल. पण चढवलं तर तुझी वहिनी जाईल."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. "बाटली द्या. नाडी लागत नाहीये."

"बाई, गोठलंय."

पुन्हा पुण्याला जाण्याइतका वेळ नव्हता. तुकाराम भिंतीला टेकला.

"रगत काढल्यावर मानूस ऱ्हातो का वो?"

"राहतो."

त्यानं डोळे मिटून हात पुढे केला.

हौसाच्या रक्तावर सुटलेलं पिवळसर पाणी आणि त्याच्या रक्ताचा थेंब मी काचपट्टीवर मिसळला. गुठळ्या दिसल्या तर रक्त जुळत नाही. मी काचपट्टी डोलवत राहिलो. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. गुठळ्या झाल्या नाहीत. त्याचं रक्त काढून लगेच हौसाला चढवलं.

संध्याकाळी हौसानं पाणी मागितलं. बाकावर चहा पीत बसलेला तुकाराम हळूच म्हणाला, "वयनीला मिठाचं सांगू नका."

आता परदेशात काही ठिकाणी रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, खास औषध मिसळून गोठवतात आणि पुढे वापरतातही. ऐकलं की मला अजून ती खडखड आठवते.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. बाटली आणायला जो निघेल, त्याच्या बोटाला आधी सुई टोचायची.