कस्टमवर घातलेला आळ

टाळेबंदीतल्या त्या पहिल्या एप्रिलात आमच्या मिरजोळ्याच्या शेडमध्ये हापूसच्या पेट्या छताला टेकायच्या बेतात होत्या. आमचा आंबा दरवर्षी विमानाने दुबईला जायचा आणि विमानं तर बंद. तिकडचा व्यापारी म्हणाला, "जहाजाने पाठवा, मी घेतो." म्हणून आम्ही पहिल्यांदाच थंड कंटेनर मागवला.

आंबा नवरा बघायचा, कागद मी. बंदरावरचं काम मात्र माझ्या मावसभावाकडे. तो उरणला राहून कस्टम एजंटचं काम करायचा. लहानपणी त्याची मे महिन्याची सुट्टी आमच्याच घरी जायची. आम्ही धंदा सुरू केला तेव्हा कस्टमच्या संकेतस्थळावर आमची नोंदणी त्यानेच केली, आणि त्यात मोबाइल नंबर, मेल, सगळं स्वतःचं घातलं. "तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस, ताई? मी आहे ना." मला बरंच वाटलं होतं.

वाटेत हॉटेलं बंद, म्हणून ड्रायव्हरला भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. कशेडी घाटात दोनदा पास दाखवून कंटेनर दुसऱ्या दिवशी बंदरात पोचला. त्याच्या दुसऱ्या दिवशी भावाचा फोन.

"ताई, कस्टमने अडवलाय गो."

"का?"

"आंबा निरोगी असल्याच्या दाखल्याची मूळ प्रत हवी म्हणतात. स्कॅन चालत नाही."

कुरिअर बंद होतं. नवऱ्याने औषधांच्या गाडीवाल्याला हात जोडले, आणि तो दाखला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून उरणला धाडला. पोचला. मग भाऊ म्हणाला, साहेबांना कोविड झालाय. मग म्हणाला, दुसरे साहेब फाइल उघडत नाहीत. मी रोज सकाळी कस्टमच्या नावाने बोटं मोडायचे. जग मरतंय आणि यांना शिक्के सुचतायत, असं येईल त्याला ऐकवायचे.

नवव्या दिवशी पेपरात कस्टमच्या मदतकेंद्राचा नंबर दिसला. भांडायच्याच तयारीने मी फोन लावला. एका बाईंनी उचलला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती, म्हणजे त्याही घरूनच काम करत होत्या. मी भावाने पाठवलेल्या कागदावरचा नंबर सांगितला.

"मॅडम, तुमचा माल पोचला त्याच संध्याकाळी आम्ही परवानगी दिलीय."

"पण दाखल्याची मूळ प्रत..."

"सध्या स्कॅनच घेतो आम्ही. तुमच्या मेलवर कळवलंय की."

"मग माल का नाही गेला?"

"ते जहाजाचं बुकिंग. एजंटला विचारा."

मी भावाला फोन केला. परवानगीची वेळ सांगितली. तो म्हणाला, "जहाजं कमी झालीत, ताई. जागा एकच होती. मोठ्या पार्टीचं सगळं काम माझ्याकडे आहे, त्यांचा कंटेनर मागे कसा ठेवू?"

"त्यांचाही आंबाच?"

"हो."

"दुबईलाच?"

"दुबईलाच, ताई."

"मला खरं सांगायचंस ना. आम्ही लगेच माल परत आणला असता."

"तू भांडली असतीस."

"आणि तो दाखला? का मागवलास?"

"काहीतरी सांगायला हवं होतं ना," तो म्हणाला.

जागा दुसऱ्याला दिली, हे एक वेळ समजलं असतं. पण तो दाखला पोचेपर्यंत आम्ही दोघं जेवलो नव्हतो.

परवानगी मिळालेला माल बंदरातून परत आणायलाही कस्टमचीच मंजुरी लागते. त्याच बाईंनी फोनवर एकेक पायरी सांगितली. आधी नोंदणीतला नंबर बदलला, मग अर्ज भरला, फोटो काढून कागद चढवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरीचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला. कंटेनर उघडला तेव्हा निम्म्याहून जास्त पेट्यांतून रस गळत होता. जो धड होता तो कॅनिंगला गेला. नवरा दिवसभर आंबे निवडत राहिला. भावाबद्दल त्याने एक शब्द काढला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं.

पुढच्या हंगामापासून कस्टमचे कागदही मीच भरते. करोनाच्या दुसऱ्या लाटेतही आमचा कंटेनर गेला, वेळेवर गेला.

त्यानंतरच्या गणपतीत आईकडे गेले होते. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "अगो, त्याच्याशी बोलत का नाहीस? फोनवर रडला तो. कस्टमने अडवलं तर त्या बिचाऱ्याने काय करायचं?"

म्हणजे घरात सगळ्यांना त्याने तेच सांगितलं होतं. मी मोबाइल काढला, कस्टमच्या संकेतस्थळावरची परवानगीची तारीख दाखवली, पहिल्यापासून सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं.

"तो असं करायचा नाही," ती म्हणाली, आणि पुढचा दुधी चिरायला घेतला.