भावोजींच्या हजार बैठका

एका ठणठणीत माणसाला आजारी ठरवून मी तीन दिवस अंथरुणात डांबलं होतं. तेव्हा परळच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये मी नुकती लागले होते, आणि पांढरा कोट चढवला की डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं अशी माझी पक्की समजूत होती. माझ्या तावडीत सापडले ते काळाचौकीच्या चाळीतले आमचे शेजारी, मालवणकडचे भावोजी. त्यांच्याइतका एका जागी न टिकणारा माणूस उभ्या गिरणगावात झाला नसेल.

ब्याऐंशीच्या संपात भावोजींचे गिरणीतले हात थांबले, तसे त्यांनी पाय चालू केले. पहिल्या पाळीच्या वेळेला गॅलरीत बैठका, त्याही अशा की खालची म्हातारी छताला काठी ठोकायची. दूध आणायला चालत थेट प्रभादेवी! "नाक्यावर मिळतं की," मी म्हटलं, तर म्हणाले, "थय पाच मिनटा लागतत. उरलेलो दिवस काय तुझो बापूस घालवतलो?"

संपाला वर्ष उलटलं आणि रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीतून त्यांना बोलावणं आलं. सोमवारी हजर व्हायचं. मी ऐटीत म्हटलं, "शनिवारी तुमचं रक्त तपासून देते, फुकटात!"

रक्तात एक प्रोटीन असतं, हृदय दुखावलं की ते वाढतं, एवढंच मला पाठ होतं. भावोजींचा आकडा पाहिला आणि हातातली नळीच सुटली. नेहमीच्या दहापट! तशीच धावत चाळीत आले, तर भावोजी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन जिना चढताहेत! "खाली ठेवा! झोपा! हलू नका!" मी किंचाळले. भावोजींच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, देवापुढे नारळ ठेवला. सोमवार गेला, वखारीत दुसरा माणूस लागला.

मंगळवारी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "रक्त देण्याच्या आदल्या दिवशी यांनी काय केलं होतं?" मी विचारून आले. रक्त द्यायचंय, तर ते कसदार दिसावं म्हणून भावोजींनी रोजच्या दोनशेऐवजी हजार बैठका मारल्या होत्या! बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं शहाणे, हे प्रोटीन मांड्यांतूनही रक्तात उतरतं. व्यायामाने कुणाचं उसळतं, कुणाचं ढिम्म हलत नाही. ज्याचं त्याचं रक्त."

मला पटेना. म्हणून घरी नवऱ्यालाच बैठकांना जुंपलं. बिचारा चार दिवस भिंत धरून चालत होता, तरी त्याचा आकडा जागचा हलला नाही. भावोजींचा मात्र पुन्हा तपासला, तर आपोआप उतरला होता.

माफी मागायचा धीर व्हायला आठवडा लागला. मी दारातच रडायला लागले. वहिनींनी तोंड फिरवलं, ते बरोबरच होतं. भावोजींना पुढे कायमची नोकरी कधीच लागली नाही. पण त्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले, "रडतंस कित्याक गो? नोकरी काय, दुसरी गावतली. संप लागल्यापास्ना ह्या घरात पयल्यांदाच मी तीन दिस पडान रवलंय, आणि कोणी माका रिकामटेकडो म्हणूक नाय."