बंदुकीनंतरचा नमस्कार

मुलांनो, शंभर मीटरमधले दोन दशांश सेकंद कसे कमी करावेत, असं धाकट्यानं पत्रात विचारलं आहे. म्हणून मंगळवार पेठेतल्या आमच्या एका शेजाऱ्यांबद्दल लिहिते. गोष्ट पन्नास सालानंतरची.

ते तालमीत वाढलेले, पण धावायचे शर्यतीत. खुराक आणि बैठका पैलवानाच्याच. शर्यतीची बंदूक वाजली की बाकीचे सुटत; हे आधी वाकून माती कपाळाला लावत आणि मग सुटत. तरीही दुसरे येत.

प्रांताच्या संघाच्या निवडीत एकालाच घेणार होते. मी म्हटलं, "नमस्कार बंदुकीआधी करा. सुधारणेला तेवढीच जागा दिसते."

"वहिनी, आदी केला तर मातीला कळणार कसं, आता पळायचं हाय म्हणून?"

निवडीच्या दिवशी मात्र त्यांनी माझं ऐकलं. आधी वाकले. बंदूक वाजली आणि पुन्हा वाकले. सवयीनं की मुद्दाम, मी विचारलं नाही. वीतभर मागे राहिले.

"दोनदा केला न्हवं," ते मला म्हणाले, "आता मातीची काय तक्रार न्हाय."

त्यानंतर ते धावले नाहीत. दुसऱ्या नंबरचे सात पेले त्यांच्या घरी अजून आहेत. नातसून त्यांत डाळी ठेवते.