एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

गिअरच्या कारखान्यात सगळे तिला काकू म्हणत, मालकसुद्धा. दात्यांची चाकं कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोठा आकडा एका चाकावर मावत नाही. तो लहान आकड्यांत फोडायचा आणि एकेका तुकड्याला चाकांची एकेक जोडी द्यायची. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की त्याचे अवयव पाडल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

संग्रहालयाच्या इंजिनियरबाईंना दूरच्या एका ग्रहाची प्रतिकृती हवी होती. मोटर मिनिटाला एक फेरी घेणार. तिच्या १,०४,७२९ फेऱ्या झाल्या की ग्रहाची एक पुरी व्हायची.

"मूळ संख्या आहे, काकू. फुटायची नाही," बाई म्हणाल्या. "शेजारच्या एखाद्या संख्येवर भागवा."

"बघते," काकू म्हणाली.

मूळ संख्या तिला ठाऊक होत्या, पण त्या लहानसहान, एका चाकावर मावणाऱ्या. एवढं मोठं धूड कुठेतरी चिरफळणारच.

सातने भागलं, दोन उरले. अकराने नऊ. तेराने एक. बसची वाट बघताना, भाजी चिरताना, तिचे ओठ हलतच असायचे. एकोणीसने भागलं, पुन्हा एक. त्रेपन्नने, परत तोच. तो एक तिला कुसळासारखा सलू लागला. जेवणात दुसऱ्यांदा मीठ पडलं तेव्हा तिचा शिंपी नवरा म्हणाला, "त्या आकड्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"फुटत नाही."

"मग राहू दे की सबंध. मी कापड उगाच फाडतो का?"

ती पुन्हा भागाकाराकडे वळली. तीनशे चोवीसचा वर्गच त्या आकड्याच्या पुढे जात होता, म्हणून त्याच्या आत कुणी भागलं नाही तर पुढे शोधण्यात अर्थ नव्हता. शेवटी तीनशे सतरा राहिले. त्यांनी भागलं, एकशे एकोणीस उरले. म्हणजे बाईंचं पहिल्या दिवशीचंच खरं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

मग तिचं लक्ष त्या उरलेल्या एकांकडे गेलं. तेरा, एकोणीस, त्रेपन्न. तिघांनीही एकच मागे ठेवला होता. तो काढून टाकला की तिघंही निःशेष भागतात, आणि वर उरतात फक्त आठ. तिने बाईंना फोन लावला.

"जमतंय. पण दर फेरीला मिनिटाची चूक."

"अडीच महिन्यांत एक मिनिट, काकू. कुणाला कळणार?"

"मला," ती म्हणाली, आणि चाकं कापायला घेतली.

संग्रहालय उघडल्यावर ती नवऱ्याला घेऊन गेली. काचेआड ग्रह जागच्या जागी असल्यासारखा दिसत होता. नवऱ्याने डोळे बारीक करून पाहिलं.

"हे फिरतंय का तरी?"

"फिरतंय. जरा घाईत आहे."

त्याला काही उमगलं नाही. तो बसायला बाक शोधू लागला. ती मात्र काचेपाशीच उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत.