पान एक, चित्र

कळंबहून वाशीला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. वय चाळिशीचं, मांडीवर घडी केलेली पांढरी काठी. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण फोन कानाशी धरून त्या बोटानं असा झरझर चालवत होत्या, की पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारं त्याचं भरधाव मराठी मला, मराठीच्या मास्तराला, अजिबात कळत नव्हतं.

कुणी न विचारता शिकवायची मला खोड आहे. सकाळीच शाळेत माझा सत्कार झाला होता, वर्गातल्या एका अंध मुलीसाठी अख्खं पुस्तक फोनवर दिलं म्हणून. शाल पिशवीतच होती. बाईंना सगळं सविस्तर सांगितलं.

"मला बी धाडा की सर."

मी तिथल्या तिथं पाठवलं. माझ्यासाठी त्यांनी फोनचा वेग कमी केला. फोन बोलू लागला, "पान एक, चित्र. पान दोन, चित्र." बाराव्या पानापर्यंत त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तुमी पानांचे फोटू काढलेत, सर. फोटूतलं ह्याला वाचता येत न्हाय. अक्षरं टाइप करावी लागत्यात." मग हळूच विचारलं, "पोरगी काय म्हणती?"

"समजलं म्हणते."

"व्हय. आमी बी तेच म्हणायचो."

वाशीला त्या काठी उघडून उतरल्या. मी शाल पिशवीच्या तळाशी दाबली. सकाळी सगळ्यात जास्त वेळ टाळ्या त्या मुलीनंच वाजवल्या होत्या.