विलासला कमी पडलेले दोन गुण

हे आजवर माझ्या तोंडून कुणापुढे निघालेलं नाही. बायकोपुढे नाही, आईपुढे तर नाहीच. ती गेली त्या दिवशी सबंध दुपार मी तिच्या उशाशी होतो, सांगायला कुणी अडवलं नव्हतं, आणि मी नुसता चमच्यानं पाणी पाजत राहिलो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती तर लिहायला कशाला बसलो असतो?

मी कुणाचा पैसा खाल्ला नाही. आमच्या मेहकर-बीबीकडच्या गावात भावाभावांत ज्यावरून डोकी फुटतात — धुऱ्याचा बांध, विहीर, बैलगाडीची वाट — त्यातलं एकही भांडण आमच्यात झालं नाही. उलट लोक आमचंच उदाहरण देतात. ‘भाऊ असावेत तं या दोघांसारखे.’ हे ऐकलं की मी चहा अर्धा टाकून उठतो. लोकांना वाटतं, कौतुक सहन होत नाही मला. किती साधा माणूस!

विलास माझा धाकटा भाऊ. मी इंजिनिअर झालो, तो कृषी पदवीधर. औरंगाबादच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी कॅनडाला गेलो आणि त्याच सुमारास तो मेहकरला एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसर म्हणून लागला.

कॅनडाला जायचं तर गुण मोजतात. शिक्षणाचे इतके, इंग्रजीचे इतके, अनुभवाचे, वयाचे. बायको शिकलेली असेल तर तिचे, सख्खा भाऊ तिथं राहत असेल तर त्याचेही. बेरीज ठरलेल्या रेषेवर गेली की माणूस पास. मी पास झालो होतो. आणि गेल्यावर काय? तिथं प्रत्येक जण एकच विचारायचा — इथला अनुभव आहे का? अरे, परवा विमानातून उतरलेल्या माणसाला इथला अनुभव कुठून असणार? अनुभवाचे गुण देऊन तुम्हीच बोलावलंत ना? ही चीड अजून गेलेली नाही. पण ही चीड पुढे करून मी माझी गोष्ट झाकणार नाही.

तर मी गोदामात खोकी उचलायला लागलो. पट्ट्यावरून खोकं यायचं, ते उचलून फळीवर ठेवायचं. घरी सांगितलं, इंजिनिअर म्हणून लागलो. हेल्मेट घातलेला फोटो पाठवला. हेल्मेट गोदामाचंच होतं, पण बाबांनी तो फोटो बसस्टँडवरच्या कंडक्टरलासुद्धा दाखवला.

हा माझा गुन्हा नव्हे. हे खोटं तिकडे गेलेले पुष्कळ जण बोलतात. माझा गुन्हा या खोट्याच्या पोटी जन्मला.

बीटी कपाशी नवीन होती तेव्हाची ही गोष्ट. विलासच्या कंपनीला गावोगाव डेमो प्लॉट हवे होते — एका शेतकऱ्याच्या रानात पीक उभं करायचं, बाकीच्यांना ते दाखवायचं. पण नव्या बियाण्याला आपलं रान कोण देणार? मग फील्ड ऑफिसर जे करतात ते विलासनं केलं. नात्यात गेला. त्याची सासुरवाडी पिंपळगाव राजाच्या पलीकडे, सासरे गावातले जाणते. जावयाचा शब्द, ते नाही कसं म्हणणार? त्यांच्या सडकेलगतच्या तुकड्यात प्लॉट पडला. पहिलं वर्ष बरं गेलं. बोंडअळी दिसली नाही. पुढच्या साली अर्ध्या गावानं तीच पाकिटं घेतली — सासऱ्यांकडे बघून.

विलासला मात्र हे काम मनातून आवडत नव्हतं. पाण्याचं रान आणि कोरडवाहू रान यांत फरक असतो, हे तो कंपनीला सांगायचा आणि कंपनी त्याला टार्गेट सांगायची. त्याला माझ्याकडे कॅनडाला यायचं होतं. दर रविवारी मी फोन केला की पहिलं वाक्य, ‘भाऊ, आता किती झाले?’ क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं.

मोजायचं काम माझं. त्यानं एकदा मेहकरच्या इंटरनेट कॅफेतून नियमांचे कागद काढून आणले होते, पण सरकारी इंग्रजी वाचून वैतागला. म्हणाला, ‘तू हायेस ना तिथं, मी काऊन डोकं फोडू?’ एजंटाकडे जाऊ का, असंही त्यानं विचारलं होतं. मी सांगितलं, एजंट चोर असतात. पुष्कळसे असतातच. म्हणूनच त्याला ते पटलं.

सुरुवातीला मी मनापासून मदत केली, हे मात्र खरं आहे. अनुभवाचं पत्र कसं मागायचं, इंग्रजीच्या परीक्षेत कुठं गुण जातात, सगळं समजावलं. बायकोच्या पदवीचे गुण धरतात म्हटल्यावर मंगलनं — विलासच्या बायकोनं — अर्धवट सुटलेलं बी.ए. बाहेरून पुरं केलं, कडेवर पोर घेऊन. फ्रेंचचे गुण मिळतात म्हटल्यावर विलासनं फ्रेंच घेतलं! मेहकरात कोण शिकवणार? पुस्तक आणि सीडी मागवली. तोंडाला रुमाल बांधून मोटरसायकलवर या गावाहून त्या गावाला जाताना तो क्रियापदं घोकायचा, रानात बैलांपुढेही. मंगल फोनवर म्हणायची, ‘भाऊजी, हे झोपीतबी फुर्रफुर्र करून राह्यले.’ आम्ही तिघंही हसायचो.

आता कळतं ते लिहितो. तो रेषेपासून लांब होता तोवर मी फार चांगला भाऊ होतो.

तो रेषेजवळ यायला लागला, तशी मला झोप येईना. कारण तो आला तर कुठं उतरणार? माझ्याकडेच ना. मी आणि बायको एका तळघरातल्या खोलीत राहत होतो. तो सकाळी विचारणार, ‘भाऊ, तुझं ऑफिस दाखव.’ मग? आणि त्याहून वाईट असं वाटायचं, की याला जमेल. हा चिवट आहे, लाजत नाही, फ्रेंच बोलेल, आणि मी जिथं खोकी उचलतो तिथं हा दोन वर्षांत साहेब होईल. मग बाबा फोटो कुणाचा दाखवतील?

एके दिवशी गोदामातल्या सोबत्यानं सांगितलं आणि मी घरी येऊन खात्री करून घेतली — सरकारनं रेष खाली आणली होती. पंच्याहत्तरची सदुसष्ट. वाचून पहिलं काय वाटलं असेल? भाऊ पास होतो म्हणून आनंद? नाही. आता हा येणार, एवढंच वाटलं. त्या रविवारी मी फोनवर पाऊसपाणी विचारलं, आईचा गुडघा विचारला, आणि ते सांगितलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं थोडंच, असं मनाशी म्हणालो. तसं म्हणायची सोय मला फार दिवस मिळाली नाही.

अर्ध्या गावानं ती पाकिटं पेरली त्याच सालात पावसानं मोठी उघडीप दिली. बोंडअळी नव्हती, पण कपाशीवर लाल्या आला. पानं लाल पडली, पाती गळाली, झाडावर बोंडं लागलीच नाहीत. विलास सासुरवाडीला गेला तर पारावरची माणसं मोठ्यानं म्हणाली, ‘आला रे, बीटी जावई आला!’ कुणी हसलं, कुणी थुंकलं. एकानं त्याच्या मोटरसायकलची किल्ली काढून घेतली आणि त्याला उन्हात रानोरान फिरवलं, एकेक झाड दाखवत — हे पाय, हे बी पाय. सासरे घरातच बसून होते.

त्या संध्याकाळी त्यानं स्वतः फोन केला. घरून कधी फोन यायचा नाही, म्हणून मला वाटलं कुणी गेलं. म्हणाला, ‘सासरा मले एक शब्द बोलला नाई, भाऊ. बोलला असता तं बरं झालं असतं. मंगलच्या भावानं सांगितलं, पुन्हा इकडे येऊ नका, बहिणीलेबी आणू नका.’ मग म्हणाला, ‘मले इथून काढ. मोज बरं एकदा.’

मी मोजलं. त्याच्यासमोर, फोनवर, एकेक विषय मोठ्यानं घेत. शिक्षण. इंग्रजी. फ्रेंच. अनुभव. वय. मंगलचं बी.ए. भाऊ तिथं असल्याचे — तेही धरले, त्यात चोरी केली नाही. त्र्याहत्तर झाले.

आणि मी म्हणालो, ‘दोन कमी पडतात रे.’

हेच ते. बेरीज बरोबर होती, जुन्या रेषेला धरून वजाबाकीही बरोबर होती. माझा भाऊ रेषेच्या वर उभा होता आणि मी त्याला सांगितलं, तू खाली आहेस.

तो म्हणाला, ‘फ्रेंच अजून वाढवू का? मन लावून करतो.’ इथं तरी थांबायचं ना मी? नाही थांबलो. म्हणालो, ‘तुझे उच्चार वऱ्हाडी आहेत, विलास. परीक्षेत ऐकणारे हसतील.’ मला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. आजही येत नाही.

तो हसला. म्हणाला, ‘बैलाले तं समजते, भाऊ.’ त्यानंतर त्यानं पुस्तक उघडलं नाही. किती झाले, हेही पुन्हा कधी विचारलं नाही.

आईबाबांजवळ कुणीतरी हवं होतं, म्हणून मी तसं केलं — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. चांगलं दिसतं ते. पण फोन ठेवताना आईबाबा माझ्या मनात आलेही नव्हते. मनात एवढंच होतं की सुटलो. आता कुणी ऑफिस बघायला येणार नाही.

पुढं तिकडच्या सरकारनं कामांची यादी काढली आणि विलासचं काम त्या यादीत नव्हतं. दार लागलं. तोवर अर्ज करता आला असता. मी गप्प होतो.

विलासनं कंपनी सोडली. मेहकरात फवारणीच्या पंपांचं दुकान टाकलं. बियाणं विकत नाही. कुणी नुसता सल्ला मागितला, तरी ‘मले नका इचारू’ म्हणतो आणि पंपाचा वायसर बदलायला घेतो. मंगलचं माहेर तुटलं. तिच्या धाकट्या भावाचं लग्न झालं, तिला अक्षत आली नाही. लग्नाच्या दिवशी ती घरी पापड लाटत होती. वडील वारले तेव्हा गेली आणि तिसऱ्याच दिवशी परत आली. मला वाटतं, ते दोघं तेव्हाच निघून गेले असते, तर गावाचा राग त्यांच्यामागे वितळला असता. नसताही कदाचित. ते बघायची संधीच मी ठेवली नाही.

मी काही वर्षांनी परत आलो. विलासच्या शेजारीच घर बांधलं. जागा त्यानंच शोधून दिली. गिऱ्हाइकांना तो अजून माझी ओळख करून देतो, ‘हे आमचे भाऊ. क्यानडात इंजिनिअर होते.’

आणि वाटलं होतं, की हे सगळं जुनं झालं. गेल्या महिन्यात त्याची मुलगी पल्लवी मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. नर्सिंग शिकली आहे, तिला कॅनडाला जायचं आहे. तिला पाठवलं नव्हतं कुणी, पण विलास मागोमाग आला आणि म्हणाला, ‘मोठेबाबाले इचार, त्याहिले सगळं माहीत हाये.’ तिला विचारायची गरजच नव्हती. पाच मिनिटांत तिनं स्वतःचे गुण काढले. मग गंमत म्हणून म्हणाली, ‘बाबा, तुमचे किती होते?’

‘त्र्याहत्तर वो माय. दोननं हुकलं.’ इतक्या वर्षांनी त्याला आकडा पाठ होता. आवाजात रागही नाही.

पल्लवीनं मान वर केली. ‘पण मोठेबाबा, मी वाचलं, तेव्हा सदुसष्टलाच पास होते ना?’

विलास माझ्याकडे बघत होता. संशयानं नाही. मला माहीत असणार, म्हणून बघत होता. त्या क्षणी एक शब्द पुरला असता. ‘हो.’

मी म्हणालो, ‘ते नंतर झालं, बेटा. तुझ्या बाबाच्या वेळेस पंच्याहत्तरच होती.’

‘हाव, असंनच,’ विलास म्हणाला, आणि मंगलला चहा टाकायला सांगून आला.

पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा मी तळघरात राहत होतो, घाबरलेला होतो, असं कुणी म्हणू शकेल. या वेळी मी माझ्या स्वतःच्या ओसरीत, स्वतःच्या खुर्चीवर, पोटभर जेवून बसलो होतो. कशाचीच भीती नव्हती, तरीही बोललो. म्हणून माझ्याबाजूनं सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

मंगलचं माहेर मी तिला देऊ शकत नाही. विलासची ती वर्षंही नाही. त्याला द्यायचं माझ्याकडे एकच वाक्य आहे — तू पास झाला होतास, आणि मला ते माहीत होतं. तो भिंतीपलीकडेच राहतो. ते मी अजून दिलेलं नाही.