ग्रहणातली झोप

माझ्या भाचीचे पाय जन्मापासून कडक आहेत, आणि त्याचं खापर मी माझ्याच बहिणीवर फोडलं. एका वाक्यात फोडलं. ते वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर इतकं सहज खपलं. "ग्रहणात ती झोपली होती, मी स्वतः पाहिलं," असं मी तिच्या सासूबाईंना फोनवर सांगितलं. ग्रहणबिहण मी मानत नाही. तरी सांगितलं, कारण दुसरं जे सांगण्यासारखं होतं त्यात माझं नाव होतं.

कोरोनाच्या वर्षी बहीण होळीला म्हणून आमच्याकडे पनवेलला आली आणि अडकली. नवरा जहाजावर, आणि बोटीवरच्या माणसांना तेव्हा कुठलंच बंदर उतरू देत नव्हतं. सासर कर्नाळ्याच्या पुढे, गोवा रस्त्यावरून आत. त्या गावाने वेशीवर झाडं आडवी टाकून रस्ता बंद केलेला. तसंही पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. वडील नाहीत, त्यामुळे माहेर म्हणजे मी. हे मी तेव्हा लोकांना मोठ्या अभिमानाने सांगत असे.

जूनमध्ये सूर्यग्रहण होतं. बहिणीचे दिवस भरत आले होते. आदल्या दिवशीच सासूबाईंचा फोन आला. "चिरू नको, कापू नको, आडवी तर होऊच नको. पाय मुडपलेस तर पोराचे पाय मुडपतील. गिरान सुटंपर्यंत सरळ बस. आमी हितं देव पाण्यात घालून बसलोय."

बहीण बी.एस्सी., तीही केमिस्ट्रीची, आणि नवव्या महिन्यात थकून गेलेली. ग्रहण लागलं तेव्हा ती पंखा लावून, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन गाढ झोपली होती. आईने मला उठवायला पाठवलं.

"दादा, ग्रहण सूर्याला लागलंय. त्याला उठव," ती डोळे न उघडता म्हणाली.

मी हसलो, बाहेर येऊन आईला सांगितलं, "बसलीये ती." त्या दिवशी आम्ही भाऊ-बहीण एका बाजूला होतो.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळीच तिचं पाणी गेलं. पाणी हिरवट होतं. नाव घातलं होतं त्या हॉस्पिटलला मी फोन केला. नर्स म्हणाली, "हिरवं आहे? मग विचार करू नका, घेऊन या." हॉस्पिटल गाडीने अगदी जवळ. पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यांवर कोरोनाचे पेशंट होते. दार वेगळं, लिफ्ट वेगळी, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, "तिथे नाही न्यायचं."

"अरे, ती आण म्हणतेय ना," आई म्हणाली.

"तिचं काय जातंय म्हणायला?"

बहिणीला मागच्या सीटवर टॉवेल घालून बसवलं आणि विचुंब्याच्या बाजूला एका छोट्या प्रसूतिगृहाच्या दाराशी नेलं. त्यांनी दारातूनच कोरोनाचा रिपोर्ट मागितला. मी वाद घातला. मग गाडीत बसून ओळखीपाळखीच्या लोकांना फोन लावत राहिलो, कुणी तरी सांगेल आणि ते दार उघडेल म्हणून. मागून बहीण म्हणत होती, "दादा, आपल्या तिथेच जाऊ या ना." थोड्या वेळाने म्हणाली, "बाळ गप्प झालंय रे."

"तुला कळतंय का तिथे काय आहे ते? जरा धीर धर," मी म्हणालो. सकाळ अशी संपली.

मी हे तिच्या आणि बाळाच्या जिवासाठी करतोय, असं मी आईला फोनवर सांगत होतो. खरं एवढंच होतं की पेशंटबरोबर एका माणसाला राहावं लागणार होतं, आणि तो माणूस मी असणार होतो. मला तिथे राहायचं नव्हतं. भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवून, दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन, लिफ्टचं बटण कोपराने दाबून मी लॉकडाउनभर स्वतःला जपलं होतं.

ते दार काही उघडलं नाही, आणि शेवटी तिला नाव घातलेल्या त्याच हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिला स्ट्रेचरवरून आत घेतलं आणि मी खाली गाडीपाशी थांबलो. मागची सीट भिजली होती. मी डिकीतून जंतुनाशकाची बाटली काढली आणि सीट पुसायला लागलो. दारांच्या मुठी पुसल्या, सीटबेल्ट पुसला. टॉवेल काठीच्या टोकाने उचलून कचऱ्यात टाकला. वर बाळ जन्मलं होतं आणि रडत नव्हतं. वर डॉक्टर त्या एवढ्याशा छातीवर बोटांनी दाब देत होते, आणि खाली मामा त्याच्या आईचं पाणी नाक मुरडून पुसत होता. मास्कच्या आत मला मळमळत होतं, तेही त्या पाण्याच्या वासाने. स्वतःची किळस यायला अजून पाच वर्षं होती.

डॉक्टर म्हणाले, "बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडलाय. आतमध्ये किती वेळ कमी पडत होता, नेमकं सांगता येणार नाही. पण हिरवं पाणी गेल्यावर थांबायचं नसतं." मी मान हलवली. पहिल्याच रात्री मुलीला झटके आले. पुढचे कित्येक दिवस ती काचेच्या पेटीत नळ्या लावून होती, आणि मी भेटेल त्याला सांगत सुटलो की पाणी गेलं तसं आम्ही लगेच नेलं. आईच्या देखत सांगितलं. आई गप्प राहिली. मीही तिचंच मूल होतो.

काही महिने गेले. रस्ते उघडले होते, बहीण मुलीला घेऊन सासरी गेली होती. एके दिवशी सासूबाईंचा मला फोन आला. "दुसऱ्यांच्या पोरी बसाय लागल्या. आमची मान पन धरीत नाय. पाय कातरीसारखे एकावर एक जातात. तवा काय झाला होता, खरं सांग."

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

मग त्या म्हणाल्या, "मी सांगितला होता तिला." दुःख होतंच त्यांच्या आवाजात, पण काही तरी जागेवर बसल्यासारखंही वाटत होतं. आणि मला हलकं वाटलं.

गावात ते पसरायला वेळ लागला नाही. कुणाच्या ओटीभरणाला बहिणीला बोलावणं येईना. गरोदर बाया भाचीला पाहून पदर पोटावर ओढायच्या. एका बारशाला मी तिथे जेवायला बसलो होतो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पावनं, शिकलेली पोर तुमची. गिरानाचा कुनी सांगितला नव्हता का तिला?" माझ्या तोंडात जिलेबी होती. "सांगितलं होतं," मी म्हणालो, आणि वाढप्याला आणखी एक वाढायला सांगितली.

यंदा भाचीला पनवेलमध्ये नव्या फिजिओथेरपीवालीकडे नेलं. मी गाडी घेऊन होतो. ती तरुण मुलगी भाचीचे पाय हळूहळू वाकवून बघत होती. तिने विचारलं, "जन्माच्या वेळी काय झालं होतं?"

"ग्रहणात झोपले होते मी," बहीण म्हणाली. आपला रक्तगट सांगावा तसं.

त्या मुलीचे हात थांबले. "ताई, त्याने काही होत नाही. पाणी गेल्यावर हॉस्पिटलला कधी पोहोचलात?"

"लगेच. दादा होता ना."

तपासून झाल्यावर भाचीला माझ्या मांडीवर बसवलं होतं आणि ती माझ्या शर्टाचं बटण ओढत होती. मी त्या बटणाकडे बघत बसलो.

त्यांना सासरी सोडायला निघालो. पळस्पे फाटा गेला. भाची मागे झोपली होती.

"लगेच कुठे गेलो होतो आपण?" मी विचारलं.

"माहितेय मला. मागच्या सीटवर मीच होते."

"मग असं का सांगितलंस?"

"मग काय, परक्या पोरीसमोर तुझी अब्रू काढू?" ती हसली. "आणि दादा, मी झोपले नसते तर पाणी हिरवं झालंच नसतं. तुझं ते नंतरचं."

"अगं, तू केमिस्ट्री शिकलीस."

"शिकले म्हणूनच झोपले ना."

मग ती खिडकीबाहेर बघत सांगत राहिली. त्या बाळंतपणानंतर ती दिवसा कधी आडवी झालेली नाही. तापातसुद्धा भिंतीला टेकून बसते. नवरा बोटीवरून आला की दुसऱ्या मुलाचं बोलतो. ती नाही म्हणते. "माझ्या हातून एकीचं वाटोळं झालं, तेवढं पुरे," ती म्हणाली.

मला माझीच किळस आली. मी एक वाक्य बोललो होतो, आणि ही बाई त्या वाक्यात पाच वर्षं पाठ ताठ करून बसली होती.

सासूबाई ओटीवर होत्या. त्यांनी भाचीला माझ्याकडून घेतलं, मांडीवर आडवं टाकलं आणि सवयीने तिच्या पोटऱ्यांना खोबरेल लावायला लागल्या. रोज दोनदा लावतात. "काय बोलली डॉक्टरीन? का नुसतीच पनवेलची हवा खाऊन आलात, मामा?"

"आई, तुम्हाला मी ग्रहणाचं सांगितलं होतं ना," मी म्हणालो, "ते कारण नाही."

"दादा, राहू दे," बहीण म्हणाली.

मी राहू दिलं नाही. हिरवं पाणी, नर्सचा फोन, विचुंब्याचं बंद दार, बाळ गप्प झालंय म्हणून मागून आलेला आवाज, सगळं सांगितलं. पुसलेली सीटही सांगितली. सासूबाईंचा हात भाचीच्या पोटरीवर तसाच थांबला.

"मंग मला तसा का सांगितलास?"

"माझी लाज झाकायला."

"तुजी लाज झाकली. आन मी हिला उठताबसता बोलले. माज्या पोराच्या बायकोला. त्या माज्या तोंडाचा आता काय करू मी?"

मी त्यांची माफी मागितली, त्यांनी तोंड फिरवलं. बहीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे वळलो.

"तू झोपलीस त्याने काही झालं नाही. हॉस्पिटल जवळ होतं, त्यांनी बोलावलं होतं, आणि मी तुला गाडीतून फिरवत बसलो, कारण मला भीती वाटत होती. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. लवकर गेलो असतो तर ही चालली असती, असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण उशीर माझा होता, आणि नाव मी तुझं घेतलं. मला माफ कर."